दुसरा ‘उ’

गुलबार्चिनने पडद्यावरचे प्राणी पुन्हा मोजले. उंट, बदक, साळिंदर… बारा. आणि लिहिणारे तर अकराच.

शाळेतल्या अकरा शिक्षकांनी मिळून, हेडमास्तरांना कळू न देता, इंटरनेटवर एक तक्रार लिहायला घेतली होती. नाव कुणाचंच नाही. नावाच्या जागी संगणक ज्याला त्याला एकेक प्राणी देई. गाण्याच्या बाई बदक निघाल्या तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. कुणी धुराड्याची भेग लिहिली, कुणी वर्गात शिरणारा कोळशाचा धूर, कुणी तारखा. एकट्याची छाती झाली नसती असा कागद दोन दिवसांत तयार झाला. कुठलं वाक्य कुणाचं ते आपल्यालाच आठवायचं नाही, असं थोरल्या शिक्षिका बुरुल्चा एजे, म्हणजे बुरुल्चाताई, म्हणाल्या होत्या. आज पाचला तो जिल्ह्याला जायचा होता.

साडेचार झाले होते. हा बारावा, लांडगा, लिहीत काहीच नव्हता. नुसता एकेक ओळ खाली उतरत होता. भिंतीपलीकडे हेडमास्तरांच्या खोलीत – सगळे त्यांना अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणत – संगणकाची कळ टकटकली, की लांडगा एक ओळ खाली.

गुलबार्चिनने बुरुल्चा एजेंना फोन लावला.

“एजे, अगाय आपल्या कागदात शिरलेत.”

“मला अजून तीन वर्षं नोकरी काढायचीय गं,” म्हणून बुरुल्चा एजेंनी फोन ठेवला.

बदकाने आपली ओळ पुसली. मग उंटाने. तारखा गेल्या, धुराडं गेलं, एकेक प्राणी पसार झाला. उरलं फक्त तिचं वाक्य: तिसरीच्या वर्गात दोन मुलं विषबाधेने बेशुद्ध पडली. त्यातल्या एकीला तिनेच उचलून बाहेर आणलं होतं. पुसायला ठेवलेलं बोट काही केल्या दाबेना.

तेवढ्यात तिला आपली चूक दिसली. ‘उउलानुउ’, किर्गिझ भाषेत विषबाधा. शेवटी दोन ‘उ’ हवेत. ती एकच लिहायची, पार पाचवीपासून. तेव्हा हेच अगाय तांबड्या शाईने दुसरा घालून द्यायचे.

लांडगा नेमका त्याच शब्दाशी थांबला. मग भिंतीपलीकडे एकदाच टक्. दुसरा ‘उ’ उमटला आणि लांडगा निघून गेला.

आता ते वाक्य कुणाचंही वाटलं असतं. पलीकडे खुर्ची सरकली. गुलबार्चिनने ते एकच वाक्य जिल्ह्याला धाडून दिलं.

पावलं तिच्या दाराशी येऊन थांबली.

“अजून ‘उ’ एकच लिहितेस, पोरी,” बाहेरून हळू आवाज आला.