चार फासळ्या

वगदीने बाबांच्या छातीवर तळहात ठेवला आणि हाताखाली काहीतरी करकरलं. त्याने हात झटकन मागे घेतला. छातीच्या मधोमध मुठीएवढा काळानिळा डाग होता. मेलेल्यांना आंघोळ घालणारा म्हातारा मितवल्ली पुढे झाला, त्याने बोटांनी हलकेच चाचपून पाहिलं. चार फासळ्या मोडल्या होत्या.

"हळू हात लाव," मितवल्ली म्हणाला. "त्याला अजून दुखतंय असं समजूनच पाणी घालायचं."

वगदीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्याला हळू हात लावायचा आणि जित्या माणसाची छाती तुडवायची? हे त्या बरकातचं काम. समोरच्या दुकानात खुर्च्यांना गाद्या बसवणारा बरकात. सगळी गल्ली सांगत होती. दहाच्या सुमाराला बाबा आपल्या खुर्च्यांच्या कारखान्यात हातातल्या रंध्यासकट कोसळले. बरकात धावत आला, त्यांना उताणं केलं आणि दोन्ही हातांनी छातीवर दणादणा दाबत सुटला. लोक बाबांचं तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, वळवायला आले, कुणी नाकाला लावायला कांदा फोडून आणला, तर या पठ्ठ्याने सगळ्यांना शिव्या देऊन हाकललं. अँब्युलन्स येईपर्यंत, चांगली सोळा मिनिटं, हाच प्रकार चालला होता. वगदी तेव्हा खुर्च्या पोचवायला दुमयातच्या बंदरावर गेला होता. अटॅक आलेल्या माणसाला धक्कासुद्धा लावू नये, हे शेंबड्या पोराला कळतं. या रेड्याने फासळ्या मोडून जीव घेतला.

"सकाळी ठणठणीत होते," तो मितवल्लीला म्हणाला. भेटेल त्याला तो हेच सांगत होता.

घडी घालायला म्हणून मितवल्लीने बाबांचा झगा उचलला, पुढच्या बाजूचा डाग पाहिला, नाकाजवळ नेला. जिऱ्याचा वास येतोय, पोटबिट बिघडलं होतं का, असं त्याने सहज विचारलं. वगदीने झगा त्याच्या हातातून हिसकावून कोपऱ्यात भिरकावला आणि ओल्या हातांनीच तो खाली निघाला.

जिन्याशी गल्लीतली माणसं जमली होती. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर दफन ठरलं होतं. बरकात खालच्या पायरीवर बसला होता. सुजलेल्या दोन्ही मनगटांना त्याने ओलं फडकं गुंडाळलं होतं. ते पाहून वगदी आणखीच भडकला. त्याने खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आता तो पोलिसांना बोलावणार. दफन थांबेल, बाबांची चिरफाड होईल, होऊ दे. पण हा बरकात आज रात्री कोठडीत झोपेल. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले, मेलेल्याचे हाल करू नकोस म्हणाले. वगदी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

"बाबांना अटॅक आला होता," तो बरकातच्या अंगावर धावून गेला, "आणि तू त्यांच्या छातीवर नाचलास."

बरकात उठून उभा राहिला. त्याने गयावया केली नाही. वगदीचा बाप बदवी, त्याचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, त्याच्या हाताखाली गेला होता आणि सकाळपासून तोही आतल्या आत धुमसत होता.

"अटॅक आलेल्याला मी कशाला दाबीन?" तो म्हणाला. "त्याला बसवलं असतं, अँब्युलन्स बोलावली असती. अटॅकमध्ये रक्ताची नळी तुंबते रे. छाती भरून येते, घाम फुटतो, पण माणूस बहुतेक शुद्धीवर असतो, दुखतंय म्हणून सांगतो. तुझा बाप सांगण्याच्या पलीकडे गेला होता. श्वास नव्हता, हाक ऐकत नव्हता. त्याचं हृदयच बंद पडलं होतं. ते बंद पडलं की माणूस गेलेलाच असतो, बाहेरून हाताने चालवलं तर एखादा परत येतो. गेलेल्याला मी आणखी काय मारणार?"

गाद्यांच्या धंद्यात पडण्याआधी बरकातने बंदराच्या अग्निशमन दलात वीस वर्षं काढली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वगदीलाही. तरी तो आणखी मोठ्याने ओरडला, की ठणठणीत माणसाचं हृदय असं उभ्या उभ्या बंद पडत नाही.

"पडतं कधी कधी," बरकात म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "पण पुष्कळदा आधी नळी तुंबते. मग तास-दोन तासांनी हृदय थांबतं. तेवढा वेळ हातात असतो, दवाखान्यात नेलं तर माणूस वाचतो. सकाळपासून मी डोकं फोडून घेतोय, की बदवीने मला हाक का नाही मारली? दुखत असेल तर कुणाला तरी बोलला असेलच ना. त्या माणसाला शोध, वगदी. आणि पोलीस त्याच्या दारात ने."

वगदीचा अंगठा फोनवर तसाच राहिला. वर मितवल्लीने पुन्हा पाणी ओतायला सुरुवात केली होती, बादलीचा आवाज खालपर्यंत येत होता. वगदी पायरीवर बसला. बरकातने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

"आठ वाजता छातीत दुखतंय म्हणाले होते," वगदी म्हणाला. "वायू धरलाय म्हटलं मी. जिरं उकळून दिलं आणि खुर्च्या घेऊन निघून गेलो."