जुना अ‍ॅम्प्लिफायर बंद केल्यावर

"डोळे मीट," मुलगा म्हणाला. "कुठला चालू आहे ते बघायचं नाही."

"उघडे ठेवले तरी मला काय कळणार आहे?" आई म्हणाली. पण मिटले.

समोर कपाटाएवढे दोन स्पीकर उभे होते. वडिलांनी स्वतः लाकूड कापून केलेले. वडील गेले आणि ते गप्प झाले. वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता; उघड्या काचेच्या नळ्या, तापल्या की चटका बसेल अशा. आई त्याच्या वाटेला जात नसे. घरात पुन्हा गाणं वाजावं म्हणून मुलाने ट्रान्झिस्टरचा नवा आणला होता, जेमतेम शब्दकोशाएवढा. तिला आवडेल तो राहणार. उरेल तो, वायरी जोडायला आलेला वडिलांचा मेकॅनिक मित्र नेणार. कुठला मिळणार याची त्याला इतकी खात्री होती, की गुंडाळायला तो घरून चादर घेऊन आला होता.

"या स्पीकरना एक वॅट रग्गड झाला, वहिनी," मेकॅनिक म्हणाला. "दोन दिलेत तर शेजारी भांडायला येतील."

"यायचेच. तुमच्या मित्राला कमी आवाजात कधी ऐकू आलंय?"

आधी नव्यावर गाणं झालं. मग मेकॅनिकने वायरी बदलल्या, जुना तापू दिला आणि तेच गाणं पुन्हा लावलं. आवाज जरा भरीव झाला, जवळ आला. गाणं संपलं तशी आईने डोळे उघडले.

"पहिला. शब्द न् शब्द कळतो. यात मागे सारखी घूं चालू असते."

"हमिंग," मेकॅनिक म्हणाला. "स्पीकर चहाडखोर आहेत हो, बारीकसारीक सगळं सांगतात. दुसऱ्या स्पीकरवर तुम्हाला पत्ताही लागला नसता."

"म्हणजे ठरलं," मुलगा म्हणाला. "काका जुना नेतील."

"नेऊ देत. त्यांचा डोळा होताच त्याच्यावर."

मेकॅनिक हसला. त्याने जुन्याचं बटण दाबलं. घूं बारीक होत गेली आणि विरली.

आई उठली. "पानं घेते," म्हणाली आणि आत गेली. ताटांचा आवाज आला.

"अगं, चार वाजलेत! आत्ता कोण जेवणार?"

आवाज थांबला. आई दारात आली. हातात दोन ताटं होती.

"ते इथे बसायचे, मी आत," ती म्हणाली. "हाक म्हणून कधी मारली नाही. घूं थांबली की समजायचं, हात धुवायला उठले."

तिने ताटं टेबलावर ठेवली. मेकॅनिक चादरीची घडी उलगडत होता, तो थांबला.

"नवा तुम्ही न्या," आई त्याला म्हणाली.

"बरं, वहिनी." नवा चादरीत गुंडाळत तो म्हणाला, "हमिंग काढून देऊ का? एक कपॅसिटर बदलला की झालं."

"हात लावू नका तिला."

ती अ‍ॅम्प्लिफायरजवळ गेली. नळ्या अजून गरम होत्या. "हा चालू कसा करायचा?" तिने मुलाला विचारलं.

त्याने दाखवलं.

"आणि बंद?"

"हेच बटण, आई."

"म्हणजे आता बंदही मीच करायचा," आई म्हणाली.