शेवटचं कडवं

“दाबू नकोस, बाळा. ओठ म्हणजे पाहुणा. त्याला आग्रह करावा. जबरदस्ती केली की तो उठून जातो.”

बाबांनी हे सांगितलं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि ट्रम्पेट तिच्या हातांना पेलत नव्हता. आज तेच बाबा चर्चमागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगाला टेकून, वरच्या ओठाला बर्फाचा खडा लावून बसले होते. ओठावर माउथपीसचा गोल वळ उठला होता, लाल, शिक्का मारल्यासारखा. दोन दिवसांत नाताळच्या चार उपासना वाजवून झाल्या होत्या. पाचवी पाऊण तासावर आली होती.

“बाळ जन्मलं एकदाच,” ट्रॉम्बोनवाला नळीतलं पाणी फरशीवर झटकत म्हणाला. त्याला सगळे लांबहात्या म्हणत. “आमच्या तोंडून मात्र पाचव्यांदा जन्माला घालताय.”

“त्यासाठी बादली ठेवलीय ना कोपऱ्यात?”

“बादली लांब आहे, ताई. मी दमलोय.”

तिने फडकं टाकून फरशी पुसली. मग बाबांकडे वळली. “या वेळी वरच्या सुरांचा भाग मी वाजवते. तुम्ही खालचा घ्या.”

“कशाला? होतंय की सगळं नीट.”

होतंय की! तिला दातओठ खावेसे वाटले. पण ओठ खाणं या धंद्यात परवडत नाही.

नीट होत होतं, कारण शेवटच्या कडव्याआधी बाबांचं कोपर हळूच तिच्या बरगडीला लागायचं. मग ती आपला खालचा भाग सोडून वर चढायची. बाबा ट्रम्पेट तोंडाला लावून नुसती बोटं हलवत राहायचे. दोघं एकाच स्टँडपुढे, खांद्याला खांदा लावून. बाकांवर बसलेल्यांना कळणार कसं? त्या कोपराबद्दल घरी कधी अवाक्षर निघालं नव्हतं. जेवताना नाही, गाडीत नाही.

सकाळची उपासना संपली तेव्हा गाण्याचे सर धावत आले होते. बाबांचे दोन्ही हात धरून म्हणाले होते, “काय सूर लावलात हो! या वयात!” बाबा खाली बघून हसले होते. तेवढंच. ती शेजारीच उभी होती, ओठाला मलम चोळत.

दार उघडलं आणि सर आत आले. हातात कागद, डोळ्यांत नवी कल्पना. लांबहात्याने कपाळाला हात लावला.

“ऐका. शेवटच्या गीताचं शेवटचं कडवं. ऑर्गन बंद, ट्रॉम्बोन बंद, सगळे बंद. वर सज्जात हे एकटे.” सरांनी बाबांकडे हात केला. “सगळीकडे शांतता, आणि त्यात सकाळचा तो सूर! जमेल ना?”

“मला एक कडवं सुट्टी,” लांबहात्या पुटपुटला. “देव पावला.”

तिने बाबांकडे पाहिलं. सज्जातून कोपर खाली पोहोचणार नव्हतं.

“जमेल,” बाबा म्हणाले.

“बाबा!”

“जमेल म्हटलं ना.”

“कशाच्या जोरावर? बर्फाच्या? सोमवारपासून सांगतेय, ओठाला जरा विसावा द्या, सरावाला हळू वाजवा. पण नाही! पालथ्या घड्यावर पाणी!”

“अहो ताई,” सर हसले, “वडिलांवर एवढा अविश्वास? सकाळी तुम्ही शेजारीच होतात. ऐकलंत ना?”

“ऐकलं,” ती म्हणाली. “फार जवळून ऐकलं.”

तिने पाठ फिरवली आणि ती आपला ट्रम्पेट पुसू लागली. पुसलेलाच होता, तरी पुसत राहिली.

मागे बाबांनी बर्फ खाली ठेवला. ट्रम्पेट उचलला. नुसती हवा गेली. पुन्हा लावला. एक सूर अर्ध्यावर चढला आणि फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी माउथपीस इतका दाबला, की मानेची शीर तट्ट फुगली; आणि काहीच निघालं नाही.

ती वळली.

“दाबू नका ना, बाबा,” ती हळूच म्हणाली. चिडूनच म्हणायचं होतं, जमलं नाही.

बाबांनी ट्रम्पेट मांडीवर टेकवला.

“तापायला वेळ लागतो, होईल, होईल,” सर म्हणाले आणि दाराकडे निघाले. “मी पाळकसाहेबांना सांगून येतो.”

“सर, थांबा,” बाबा म्हणाले.

सर थांबले.

“सकाळचा सूर माझा नव्हता.”

“म्हणजे? मग कोणाचा?”

सवयीने बाबांचं कोपर हललं आणि अर्ध्यावर थांबलं. बरगडी चार हात लांब होती.

“हिचा,” ते म्हणाले. “तीन नाताळ झाले, हिचाच आहे.” ते तिच्याकडे बघत नव्हते, वितळलेल्या बर्फाकडे बघत होते. “माझा तर तरुणपणीही इतका गोड लागला नाही.”