चेरीची पेटी

धुलाईघरात बारा यंत्रं होती, त्यांतली नऊ फिरत होती. घड्या घालायच्या लांब टेबलाभोवती अकरा बायका बसल्या होत्या. अकरा पुठ्ठे, प्रत्येकावर सोळा चित्रं, आणि मधोमध पातेलंभर राजमा. कपडे वाळायला अडतीस मिनिटं लागतात. इदालियाच्या हातात तेवढाच वेळ होता.

ऑगस्टपर्यंत इदालिया फळांच्या पॅकिंगच्या कारखान्यात याच बायकांच्या शेजारी उभी राहून पट्ट्यावरची सफरचंदं निवडायची. आता ती वस्तीची आरोग्य-कार्यकर्ती व्हायला निघाली होती. परीक्षा एकच होती: निदान एका बाईने विम्याची एखादी गोष्ट, कुणी न सुचवता, स्वतःच्या शब्दांत सांगायची. इदालिया दोनदा नापास झाली होती. परीक्षक सेनाइदा कोपऱ्यात बसून होती, मांडीवर फळी, फळीवर कागद.

यावेळी इदालियाने व्याख्या घरी ठेवल्या आणि लोतेरिया आणली, म्हणजे पत्ता पुकारला की पुठ्ठ्यावरच्या चित्रावर दाणा ठेवायचा खेळ. चित्रं तिची स्वतःची. बादली म्हणजे वर्षभरात आधी आपण भरायचे पैसे. ती भरली की पुढे कंपनी. कोंबडा म्हणजे वर्षातून एकदाची तपासणी.

तिने पत्ता उचलला आणि चालीवर म्हटलं, "सूर्याआधी देतो बांग, दुखण्याचा काढतो माग!"

"कोंबडा!" टेबल ओरडलं. दहा पुठ्ठ्यांवर दहा दाणे पडले.

त्यांच्यातल्या थोरल्या, मानाने 'दोन्या' म्हणवणाऱ्या तोमासाने मात्र चिमटीतला दाणा परत पातेल्यात टाकला.

शेजारची ओबदुलिया, तिची जुनी मैत्रीण, वाकून बघत होती. "कोमाद्रे, डोळे फुटले का तुझे? एवढा एक दाणा ठेव, रांग पुरी होतेय. साबणाचा डबा तुझा."

"मी कोंबडा घेत नाही, तपासणीला कधी गेलेच नाही. खोटं कशाला जिंकू?" तोमासाने पर्समधून रुमाल काढला, त्याच्या घडीतून विम्याचं कार्ड. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता. "तीन वर्षं झाली, एकदाही वापरलं नाही. राखून ठेवलंय."

"कशासाठी?" इदालियाने विचारलं.

"मोठ्या दुखण्यासाठी. माझ्या बहिणीचा पाय साखरेच्या दुखण्यात घोट्यापासून काढला, तसं काही आलं तर असावं. आत्ताच खर्चून टाकलं तर तेव्हा काय?"

"आणि तुझी ती बोटं?" ओबदुलिया म्हणाली. "परवा गरम इस्त्री पडली पायावर, आणि बाई गाणं म्हणत होती."

"मुकी आहेत ती. तीनच आहेत. दुखत नाहीत तर डॉक्टरला दाखवू काय?"

एक यंत्र टिंग करून थांबलं.

इदालियाच्या ओठांवर पाठ केलेलं वाक्य आलं होतं: प्रतिबंधात्मक सेवा विमा-वर्षाच्या कालावधीत... तिने सेनाइदाकडे पाहिलं. सेनाइदा कागदाकडे पाहत होती. इदालियाने वाक्य गिळलं.

"दोन्या तोमासा, शीतगृहात सफरचंद किती टिकतं?"

"नीट ठेवलं तर वर्ष. हे तू मला विचारतेस, पोरी? मी शिकवलं तुला."

"आणि चेरी?"

"चेरी कोण ठेवतं? आली की खायची."

"तपासणी चेरी आहे," इदालिया म्हणाली. "दर जानेवारीला एक पेटी येते. पैसे आधीच दिलेले असतात, दर आठवड्याला तुमच्या पगारातून. खाल्ली तर खाल्ली. नाही तर डिसेंबर संपला की फेकून देतात आणि नवी येते. मोठ्या दुखण्याचं कपाट वेगळं. चेरी खाल्ली म्हणून त्यातलं एक सफरचंद कमी होत नाही."

तोमासाने कार्ड उलटंपालटं केलं.

"म्हणजे दोन पेट्या मी सडवल्या."

"हो."

"आणि तिसरी?"

"आज तेरा डिसेंबर. अठरा दिवस आहेत."

तोमासा उठली. सव्वीस वर्षं तिने एकही चांगलं फळ कचऱ्यात जाऊ दिलं नव्हतं. नखाने कार्डावरचा पापुद्रा सोलला, मागचा नंबर वाचायला ते हातभर लांब धरलं, आणि फोन लावला. ओबदुलियाने स्पीकर चालू केला. अकरा डोकी फोनवर वाकली.

"तपासणीसाठी वेळ हवी का, सेन्योरा?" पलीकडून एक मुलगी म्हणाली. "जानेवारीत देऊ?"

"जानेवारीत नको. जानेवारीत नवी पेटी येते. मला ही संपवायची आहे."

"कसली पेटी?"

"अगं मुली, तू तिथे नोकरीला आणि तुला माहीत नाही? तपासणी ही चेरी आहे." आणि तोमासाने सगळं सांगितलं: पगारातून कापलेले पैसे, फेकून दिलेल्या दोन पेट्या, वेगळं कपाट. मधे कुणी एक शब्द घातला नाही. इदालियाने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. "आणि डाव्या पायाची तीन बोटं मुकी आहेत, तेही लिही."

"गुरुवारी नऊ वाजता या," मुलगी म्हणाली. "तपासणीचे पैसे नाहीत. पुढे औषध लागलं तर त्यात थोडा वाटा तुमचा."

"तो वाटा बादलीत," तोमासा म्हणाली.

कोपऱ्यात सेनाइदाने कागदावर खूण केली. ओबदुलियाने पातेल्यातून दाणा घेऊन तोमासाच्या कोंबड्यावर ठेवला आणि "लोतेरिया" अशी आरोळी ठोकली, की रस्त्यावरचा माणूस दारातून आत डोकावला.

गुरुवारी नर्सने तोमासाला डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा एक बारीक धागा बोटांना आणि तळव्याला टेकवत ती दर वेळी विचारत होती, लागलं का. प्रत्येक पायावर दहा जागा.

उजवा पाय: दहापैकी दहा. डावा: दहापैकी सात.