तेवढाच फरक

जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या ऑफिसात दोघी जावा टायपिस्ट होत्या. एकच कादंबरी दोघींनी वेगवेगळी टाइप करायची, मग मशीन दोघींच्या फ्लॉप्या ताडून फरक दाखवायचं. हल्ली फरक निघतच नव्हता. ‘ताई, तुमच्या जाऊबाई तुमच्या तोडीच्या झाल्या,’ साहेब म्हणाले आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी माझ्याच फ्लॉपीवरून उतरवून घेते, असं तिच्या मनानं घेतलं. तिला पकडायला थोरलीनं कादंबरीत पदरचं वाक्य घुसडलं: ‘थोरल्या जावेचं सगळं धाकटी लाटते.’ मशीननं तेवढाच फरक दाखवला. धाकटीनं काहीच उतरवलं नव्हतं. साहेबांनी वाक्य मोठ्यानं वाचून मूळ पुस्तकाकडे हात नेला. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. ‘राहू द्या साहेब, ओळ माझ्याकडूनच सुटलीय.’ साहेब खूश झाले. ‘ताई, चूक कबूल कशी करायची, तेही यांच्याकडून शिका.’