दुधाच्या पिशवीतले वेल

“द्राक्षाचा वेल घेता का जी ताई? घरचा हाय. काडीपासून वाढवला.”

आवाज ऐकून मयुराचे पाय जागच्या जागी थांबले. सीताबर्डीच्या फुटपाथवर, मोबाइल कव्हरांच्या ठेल्याला लागून तिचे सासरे कवडूजी बसले होते. समोर पोतं अंथरलेलं, त्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावलेले सात-आठ वेल. मार्चचं ऊन पोत्याच्या अर्ध्यावर आलं होतं.

मयुराबरोबर प्रणाली होती. मिहानमधल्या कंपनीत ती मयुराची वरिष्ठ. शनिवारची सुटी म्हणून दोघी कपडे घ्यायला आल्या होत्या. सासऱ्यांचं कापडाचं काम आहे, असं मयुरानं तिला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. कवडूजींनी चाळीस वर्षं हातमाग चालवला होता.

“नागपूरच्या उन्हात द्राक्षं जमतात का काका?” प्रणाली खाली वाकली.

“काहून नाही जमणार? जानेवारीत छाटणी होते, तवा पेन्सिलीएवढी जाड काडी घ्याची. चार डोळ्यांची. दोन डोळे मातीत, दोन वर. ओल पाहिजे, चिखल नाही पाहिजे.” त्यांनी एक पिशवी अलगद उचलून दाखवली. “पान फुटलं म्हून भुलाचं नाही. पान काडीतल्या दमावर फुटते. मुळी मागून येते. तवरीक हलवाचं नाही.”

“आणि हा लाल दोरा?”

“वरचं टोक समजावं म्हून. उलटी लावली तर काडी मरते.”

मागच्या वर्षीपर्यंत त्यांना दोरा लागत नसे. बोट फिरवलं की कोणतं टोक कुठलं ते कळायचं. गिऱ्हाइकांसाठी बांधला असेल, असं मयुराला वाटलं. ती दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभी होती.

“तुम्ही बी न्या न, ताई,” कवडूजी तिला म्हणाले. “बाल्कनीतबी येते.”

मयुरानं वळून पाहिलं. ते सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

“नको,” ती म्हणाली.

“बरं.” त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. प्रणालीसाठी ते वेल कागदात गुंडाळू लागले.

“तू ओळखतेस का यांना?” प्रणालीनं विचारलं. “कशी बघून राहिली होतीस.”

“नाही,” मयुरा म्हणाली. कवडूजी हातभर अंतरावर होते.

पुढच्या दुकानात प्रणाली कुर्ते दाखवत होती आणि मयुराला एकही रंग दिसत नव्हता. दोन महिन्यांपूर्वीची सकाळ तिला आठवत होती. कवडूजी मागच्या वर्षीचे वेल घेऊन बिल्डिंगच्या गेटसमोर बसले होते. ऑफिसला निघालेली मयुरा ते पाहून परत वर आली, त्यांना बोलावून घेतलं आणि ते घरात येताच म्हणाली, “मामाजी, लोकं काय म्हणतील? मले लाज वाटते.” तिचा नवरा प्रीतम समोरच होता. तो जमिनीकडे बघत राहिला. कवडूजींनी वेल बाल्कनीत नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून ते ‘मित्राकडे जातो’ म्हणून सकाळीच थैली घेऊन बाहेर पडू लागले. मित्र कोण, हे कोणी विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मयुराला नावानं हाक मारली नव्हती. जेवायला वाढलं की नुसतं ‘बस’ म्हणायचे. राग आहे, उतरेल, असं तिनं धरलं होतं.

आणि आज त्याच माणसानं तिला भर बाजारात ताई म्हणून सांभाळून घेतलं होतं. तिचं खोटं उघडं पडू नये म्हणून परका होऊन तिलाच वेल विकायला निघाला होता. मयुराला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणून तिनं प्रणालीचा निरोप घेतला आणि मेट्रो पकडली.

घरी प्रीतम नव्हता. बाल्कनीत रेतीच्या टबात उशिरा खोचलेल्या काड्या होत्या. तिनं त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि दार उघडं ठेवून बसून राहिली.

सहाच्या सुमारास कवडूजी आले. रिकामं पोतं काखेत होतं. तिला पाहून ते उंबऱ्याशीच थबकले. त्यांना अवघडल्यासारखं होत असेल, हे तिला समजलं. “या न मामाजी,” ती म्हणाली. ते आत आले आणि खुर्चीच्या काठावर बसले. तिनं दिलेलं पाणी त्यांनी एका दमात प्यायलं.

मयुरा त्यांच्या पायाशी बसली.

“मले माफ करा. दुपारी तुमच्यासमोर मी ओळख नाकारली. तुम्ही मात्र माझी लाज राखली. मी लायक नाही हो तुमच्या. उद्यापासून इथंच गेटसमोर बसा. मी स्वतः पोतं अंथरून देईन. कोणी विचारलं तर सांगीन, हे माझे सासरे हायत.”

कवडूजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वाकून तिचा चेहरा निरखला आणि एकदम हसले.

“हां, आता ओळखलं! दुपारी त्या मॅडमसंगं होत्या, त्याच ताई न तुम्ही? वेलासाठी घरापर्यंत आल्या?” मग दाराकडे पाहत त्यांनी आवाज खाली आणला. “पन मी वेल विकतो हे इथं बोलू नका जी. आमच्या मयुराले लाज वाटते. मोठ्या ऑफिसात हाय लेकरू. येतच असंन आता.”