मोठ्या सरांची खुर्ची

"बाई, मग आपण खुर्चीला हात का लावतो?"

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं. मूर्ती करायची नाही, कुठल्याही वस्तूपुढे वाकायचं नाही, ही आज्ञा बाईंनी आत्ताच मुलांना एका गोष्टीतून समजावली होती. संदेष्ट्या मोशेने रानात पितळेचा साप केला, तोही देवाच्याच सांगण्यावरून. साप चावलेली माणसं त्याच्याकडे बघून बरी झाली. पण पुढे लोक त्या सापालाच धूप दाखवायला लागले, तेव्हा एका भल्या राजाने तो फोडून टाकला. गोष्ट झकास रंगली होती. रंगलेली गोष्ट अशी अंगाशी येईल हे काही बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं.

खुर्ची फळ्याशेजारी होती. मोठ्या सरांची, म्हणजे बाईंच्या बाबांची. सिनेगॉग या ज्यूंच्या प्रार्थनाघरामागच्या या खोलीत त्यांनी उभा जन्म मुलांकडून हिब्रू अक्षरं गिरवून घेतली. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीला नवी खोळ शिवली तेव्हा थोडी निळी मखमल उरली होती; बाईंच्या आईने तिचीच खोळ या खुर्चीला घातली. वर्ग सुटायच्या सुमाराला ती रोज फडकं घेऊन यायची आणि खुर्ची पुसायची. मुलं आत येताना चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे देवाची वचनं ठेवलेल्या त्या नळीला, बोटं लावून बोटांचं चुंबन घेत. तसंच पुढे येऊन खुर्चीलाही करत. एका पोराने तर दुखरी दाढ बरी व्हावी म्हणून गालच टेकवला होता. बाईंना तेव्हा आधी हसू आलं, मग भीती वाटली.

"सांगा ना, बाई."

"अगं, तो आदर असतो," बाईंनी सारवासारव केली.

"पण आजी म्हणतात, काही हवं असलं की सरांना सांगा, ते बघतील. मी पेपर सोपा काढा म्हणून सांगितलं."

"मग?" मागून कुणीतरी विचारलं.

"कसला सोपा! सगळा डोक्यावरून गेला."

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. ही आजी म्हणजे त्यांचीच आई. दफनाच्या वेळी ती रडली नव्हती, शोकाच्या आठवड्यातही तिचे डोळे कोरडेच होते. आठवडा संपला आणि तिने सुई-दोरा काढला. तिच्याकडून ही खुर्ची काढून घेतली तर तिचं काय होईल, या विचाराने बाईंचा जीव कासावीस झाला. आणि नाही काढली, तर बाबांनी जन्मभर शिकवलेली आज्ञा त्यांच्याच नावाने मोडायची.

त्या उठल्या. खोळीच्या नाड्या सोडून त्यांनी ती उतरवली. खाली साधी लाकडी खुर्ची होती, एका हातावर शाईचे डाग पडलेली.

"चला, कोण बसतंय?"

कुणी जागचं हलेना. चष्मेवालीनेही मान खाली घातली. शेवटी सगळ्यांत धाकटी पुढे आली. ती याच महिन्यात वर्गात आली होती, तिने सरांना पाहिलंच नव्हतं. ती खटपट करून वर चढली आणि पाय हलवत बसली.

"मस्त आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात आई दारात आली. तिने खुर्चीवरच्या पोरीकडे पाहिलं, मग लेकीच्या हातातल्या मखमलीकडे.

"आई, अगं ऐक, मी..."

आईने ऐकलं नाही. ती मुलांच्या ठेंगण्या बाकावर येऊन बसली, फडकं तोंडावर धरलं आणि रडायला लागली. मोठ्याने, हमसून हमसून. बाईंना तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण त्या मखमल धरून तिथेच उभ्या राहिल्या.

धाकटी घाबरली. "बाई, मी उतरू का?"

आईनेच फडकं बाजूला केलं.

"नको उतरू," ती म्हणाली. "बस तिथेच. ते गेले, बाळा."